साडेचार मिनिटांवरची टेकडी

राहू
९ नोव्हेंबर २०२५

चि. सुवर्णा,

तुझी मामी लिहितेय. पत्र बघून छातीत धस्स झालं असेल, तर आधी पाणी पी. सगळे जागेवर आहेत.

फोन का केला नाही म्हणशील. घरात फोन एकच, तो तुझ्या मामांच्या खिशात, आणि स्पीकर लावल्याशिवाय त्यांना बोलता येत नाही. मला जे विचारायचंय ते त्यांच्या कानावर जायला नको. शेजारचा गोकुळ रोज चौफुल्यावरून कंपनीच्या बसने तुमच्या रांजणगावला कामाला येतो. त्याच्या हाती हे देतेय. उत्तरही त्याच्याच हाती दे.

सोबत डबी आहे. तिच्यात खाजकुइलीच्या बियांची भुकटी आहे. ह्यांना कंपवात झाला त्याला आता दोन वर्षं होतील. दौंडच्या डॉक्टरांच्या दिवसाला तीन गोळ्या चालू आहेतच. पण संक्रांतीपासून मी ही भुकटीही देते, सकाळी एक चमचा. माझी आई माझ्या आजोबांना द्यायची. आपल्या कुंपणावर पाटाच्या चारीच्या बाजूला वेल आहे, तू लहानपणी तिला हात लावून रात्रभर खाजवत बसली होतीस ती. बिया फडक्यात बांधून दुधात उकडायच्या, काळं साल काढायचं, सावलीत वाळवायच्या, कुटायच्या. गुण आला होता गं. हात थांबला होता. सदऱ्याची बटणं स्वतः लावायला लागले होते, आणि भाजीत मीठ कमी पडलं तर माझ्यावर ओरडायलाही लागले होते.

दिवाळीपासून मात्र काहीतरी भलतंच चाललंय. हात थरथरत नाही, पण मान एकीकडे ओढते, खांदा आपोआप फिरतो, बसल्या जागी पाय वळवळतो. मुंग्यांच्या वारुळावर बसवल्यासारखा माणूस दिसतो. आणि तिन्हीसांजेला त्यांना उसाच्या कडेला कुणीतरी उभा दिसतो. "त्यो बग, आला. त्याला पाणी दे आधी," म्हणतात. तिथं कुणी नसतं. परवा मी खरंच बांधावर तांब्या ठेवून आले, तेव्हा गप्प बसले.

डॉक्टर म्हणतात रोग पुढं चाललाय, गोळी वाढवावी लागेल. भुकटीचं मी त्यांना सांगितलेलं नाही. ते झाडपाल्याचं नाव काढलं की माणसाला बाहेर काढतात. तूही सांगायचं नाहीस, तुला माझी शपथ आहे.

तू मागं सांगत होतीस, तुमच्या कंपनीत झाडाच्या मुळ्या-बिया येतात आणि यंत्रातून त्यांच्या पोटातलं एकेक वेगळं करून मोजता. तर एवढं मोजून दे. मला विचारायचंय ते एकच. ह्यांना मीच विष घालतेय का?

बाकी मी बरी. चहा घेतला की मळमळतं आजकाल, पित्त असेल.

तुझी,
मालनमामी

शिरूर
१३ नोव्हेंबर

मामी,

तुझ्या पाया पडते, आणि चार दिवस लावले म्हणून एक टपली उधार ठेव.

डबी मिळाली. महेंद्र सर आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख आहेत. त्यांना विचारूनच केलं, वहीत नोंद घालून, संध्याकाळी यंत्र रिकामं असताना. आमच्याकडे खाजकुइली नेहमी येते, त्यामुळे तिच्यात काय शोधायचं ते मला पाठ आहे. तिच्यात एल-डोपा नावाचं द्रव्य असतं. मामांच्या दौंडच्या गोळीतही तेच असतं, हे तुला माहीत नसेल. म्हणूनच तुझ्या आईच्या औषधाला गुण होता.

कसं मोजलं ते सांगते, म्हणजे तुझा विश्वास बसेल. भुकटी तोलून आंबट केलेल्या पाण्यात हलवली. आंबट अशासाठी की नुसत्या पाण्यात हे द्रव्य काळं पडून वाया जातं. मग ते पाणी गाळून थेंबभर यंत्रात सोडलं. यंत्रात बोटाएवढी पोलादी नळी आहे, आत पिठापेक्षा बारीक दाणे ठासून भरलेले. पंप त्यातून पाणी रेटत राहतो. बियांतलं प्रत्येक द्रव्य त्या दाण्यांना कमी-जास्त चिकटतं, म्हणून प्रत्येक आपापल्या वेळेला बाहेर पडतं. पडद्यावर त्याची टेकडी उठते. एल-डोपाची साडेचार मिनिटांनी. टेकडी जेवढी मोठी तेवढं द्रव्य जास्त. शेजारी आम्ही मापून केलेलं शुद्ध द्रव्य सोडतो आणि दोन्ही टेकड्या ताडून बघतो.

तीन वेळा केलं. तुझ्या भुकटीत शंभर भागांत जेमतेम एक भाग निघाला. तुझा एक चमचा म्हणजे मामांच्या एका गोळीचा तिसरा हिस्सा. एवढ्याने मान ओढत नाही आणि उसात माणसं उभी राहत नाहीत. तू विष घालत नाहीस, मामी. निवांत झोप. मला वाटतं डॉक्टर म्हणतात तेच खरं असावं, आणि ते लिहिताना मला रडू येतंय, पण यंत्र खोटं बोलत नाही.

एवढ्याशा भुकटीचं डॉक्टरांना सांगायचं की नाही ते तू ठरव. मी माझ्याकडून बोलणार नाही.

एक काम कर. वेलावरच्या सुक्या शेंगांतल्या पाच-सहा बिया पाठव, न उकडलेल्या. हातात पिशवी घालून काढ. एवढं कमी का निघालं ते मला बघायचंय. आमच्याकडे येणाऱ्या मालात चार-पाच भाग असतो.

मामांना सांग, त्यांनी शिकवलेलं कलम, गुलाबाला डोळा कसा भरायचा ते, मी अजून विसरलेले नाही.

सुवर्णा

राहू
२० नोव्हेंबर

चि. सुवर्णा,

तुझं पत्र मी चुलीपाशी बसून चार वेळा वाचलं. महिनाभराने त्या रात्री डोळा लागला. माणूस जातोय हे दुःख निराळं आणि माझ्या हाताने जातोय हे निराळं. पहिलं सोसता येतं.

दौंडला जाऊन आलो. डॉक्टरांनी तीनाच्या चार गोळ्या केल्या. तू म्हणालीस त्यात काही नाही, म्हणून भुकटीचं बोलले नाही. भुकटी मात्र चालू ठेवलीय, उलट आता बिनघोर देते.

पण सुवर्णा, चार गोळ्यांनी बरं नाही. मंगळवारी तिन्हीसांजेला मी भाकरी टाकत होते, बघते तर ओट्यावर हे नाहीत. गोकुळच्या बायकोला हाक मारली, दोघी बॅटरी घेऊन उसाच्या सरीसरीने हिंडलो. चारीच्या कडेला पडलेले सापडले. कपाळाला खोक, पायातली चप्पल वाहून गेलेली, फोनही पाण्यात गेला. चारीला पाणी गुडघाभरच होतं. भरून चालली असती तर काय झालं असतं ते मी लिहीत नाही. मला बघून म्हणाले, "त्याला सांगत व्हतो, घरला चल म्हणून. यीना." सगळं अंग मुरगाळत होतं. दोघींनी धरून आणलं.

आता मी त्यांना एकटं सोडत नाही. परसात बाजेवर बसवते, तिथं त्यांच्या कुंड्या आहेत, सावली आहे. तिथंच जास्त रमतात. चहाचं मात्र वेड लागलंय. आधी दोन वेळा घ्यायचे, आता चार वेळा मागतात. करून देते. मागण्यासारखं उरलंय काय त्यांच्याकडे. मी चहा सोडला आणि माझी मळमळ गेली, तेव्हा पित्तच होतं.

बिया सोबत आहेत. सहा.

एक मनातलं लिहिते. तू आमच्याकडे पाचवीला आलीस आणि बारावी करून गेलीस. तुझी वेणी मी घातली, पण सायकल ह्यांनी शिकवली, पाढे ह्यांनी घेतले, यवतच्या नर्सरीतून दमून आले तरी. त्यांना अजून एक उन्हाळा दिसेल का, एवढं तुझ्या यंत्राला कळत असतं तर बरं झालं असतं.

मामी

शिरूर
२३ नोव्हेंबर

मामी,

मामा पडले ते वाचून मी कॅन्टीनमध्ये ताट तसंच ठेवून उठले. फोन लावते तर बंद. गोकुळ म्हणाला, माझ्या फोनवरून बोलायला तुझी मामी तयार नाही, आळीभर होईल म्हणते. तेव्हा हे नीट वाच, दोनदा वाच.

तुझ्या कच्च्या बिया मोजल्या. शंभरात पाच भाग निघाला, आमच्या मालापेक्षा सरस. वेल अस्सल आहे. म्हणजे बीमध्ये पाच आणि भुकटीत एक. चार भाग मधे कुठंतरी गेले.

मला आधी वाटलं उकडताना जळून गेले असतील. महेंद्र सरांना कागद दाखवला. त्यांनी कागद बघितलाच नाही. विचारलं, "सुवर्णा, नमुना कुणी काढला?" मी म्हटलं, मामीने डबीतून दिला. ते म्हणाले, "मग हे उत्तर डबीचं आहे. तुझ्या मामांच्या पोटात काय जातं त्याचं नाही. घरात जाऊन बघितलंस का?"

मी बघितलेलं नाही. मी शिरूरला खोलीत बसून तुला निवांत झोप म्हणून लिहिलं. यंत्र खोटं बोललं नव्हतं, पण मी त्याला अर्धाच प्रश्न विचारला होता. तुझ्याकडून डबी आली आणि मी डबीचं उत्तर दिलं. त्या उत्तरावर तू डॉक्टरांपुढे गप्प बसलीस आणि एक गोळी वाढली. मला खरंच भीती वाटतेय, मामी.

हे द्रव्य पाण्यात विरघळतं. दुधातही विरघळत असणार. तेव्हा मला सांग, वेलावरून बी काढल्यापासून चमचा तोंडात जाईपर्यंत तू काय काय करतेस. क्षुल्लक वाटलं म्हणून काही गाळू नकोस. किती बिया, किती दूध, किती वेळ, कितीदा. दिवाळीपासून त्यात काही बदललं का. आणि बिया काढून घेतल्यावर त्या दुधाचं काय करतेस.

उकडलेलं थोडं दूध एका बाटलीत भरून पाठव. वाट बघते.

सुवर्णा

राहू
२५ नोव्हेंबर

सुवर्णा,

वकिलाने जबाब घ्यावा तशी विचारतेस. चाळीस वर्षं ह्या घरात चूल माझ्या हातात आहे. आजवर कुणाचं पोट दुखलेलं नाही. मूळ चूक तुझी, म्हणून मला फैलावर घेतेस का? राग आला तो लिहून टाकला, आता सांगते.

शेंगा चिमट्याने तोडते. बारा-तेरा बिया फडक्याच्या पुरचुंडीत बांधून दुधात अधांतरी सोडते, तळाला टेकू देत नाही. मंद जाळावर तासभर. दूध काळपट होतं. मग साल सोलते, वाळवते, कुटते.

आधी महिन्याची एकदम करायचे, घरच्या म्हशीच्या दुधात. दसऱ्याच्या सुमाराला म्हैस आटली. विकतचं अर्धा लिटर दूध लागतं. शिवाय पावसाने जुन्या भुकटीला बुरशी धरली होती, म्हणून दिवाळीपासून दिवसाआड थोडी थोडी ताजी करते. बदललं ते एवढंच.

आणि दुधाचं काय करते म्हणजे? पूर्वी म्हशीच्याच आंबोणात ओतायचे, तिचं तिला. आता म्हैस आटलेली, आणि विकतचं दूध काय गटारात ओतू? दूध सांडलं तरी माझ्या सासूबाई ते पुसून कपाळाला लावायच्या. ह्यांच्या चहाला वापरते. चहात काळेपणा कळत नाही, थोडं कडू लागतं तर साखर जास्त टाकते. तेच दूध दोन दिवस पुरतं. मीही आधी घेत होते त्यातलाच.

दूध म्हणजे दूध. त्यात औषध कुठलं? औषध बियांत आहे, आणि त्या मी काढून घेतलेल्या असतात.

बाटली पाठवतेय. धुतलेली आहे, तेही लिहून ठेवते, नाहीतर विचारशील.

मालनबाई

रांजणगाव, कंपनीतून
२७ नोव्हेंबर, दुपार

मामी,

त्या दुधात आहे. ते दूध बंद कर, आत्ता, हे वाचता वाचता. भुकटीही बंद. आज एक कपसुद्धा देऊ नकोस, मागितला तरी.

दूध आंबट करून फाडलं, चोथा खाली बसवला, वरचं पाणी गाळून यंत्रात सोडलं. साडेचार मिनिटांनी टेकडी उठली ती पडद्याच्या वर निघून गेली. पाणी घालून पातळ केलं तेव्हा मोजता आली. तुझ्या अर्ध्या लिटरमध्ये चार गोळ्यांचा माल आहे. मामा तो दोन दिवसांत पितात. प्रत्येक कपात अर्धी गोळी. रोजच्या चार गोळ्या त्यांना चार नाहीत, सहाच्या वर पडतायत, आणि आधी तीन होत्या तेव्हा पाचाच्या वर. मान ओढणं, अंग मुरगाळणं, उसातला माणूस, हे सगळं औषध जास्त झाल्यावर होतं. मी आत्ता पुस्तकात बघितलं, सरांनाही विचारलं. तुला मळमळत होतं तेही त्यानेच.

म्हणजे रोग पुढं गेलेला नसेल, मामी. ह्यासाठी हे घाईने लिहितेय. मामा परत येऊ शकतात.

उद्या सकाळी पहिल्या गाडीने मी निघते. दौंडला डॉक्टरांकडे आपण तिघं जाऊ आणि सगळं सांगू. तुझी शपथ मी मोडणार आहे.

गोळ्या मात्र बंद करू नकोस. एकदम बंद केल्या तर अंग लाकडासारखं होतं. त्या चालूच ठेव.

सुवर्णा

शिरूर
४ डिसेंबर

मामी,

तू अजून दवाखान्यातच असशील. हे पत्र गोकुळ तिथं आणून देईल.

दवाखान्यात सगळ्यांसमोर मी तुझ्यावर ओरडले. "गोळ्या कशाला बंद केल्यास, लिहिलं होतं ना," म्हणून. नर्सही बघत होती. तू पदराने मामांच्या तोंडाची लाळ पुसत राहिलीस. शिरूरला आल्यावर मी ते पत्र मनात पुन्हा वाचलं. पहिल्या ओळीत बंद कर, दुसऱ्या ओळीत बंद कर, आणि गोळ्यांचं सगळ्यात शेवटी, तीन वाक्यांत. तू पहिल्या दोन ओळी वाचल्यास आणि दूध, भुकटी, गोळ्या, सगळं ट्रंकेत टाकून कुलूप लावलंस. घाबरलेलं माणूस दुसरं काय करणार. मोजमाप मी नीट केलं आणि पत्र घाईत लिहिलं. अपराध माझा आहे.

त्या दिवशी सकाळी मी दारात आले तेव्हा मामा बाजेवर होते. डोळे उघडे, अंग तापलेलं, मान उशीपासून वर उचललेली आणि तशीच धरलेली. मी हाक मारली तर डोळे माझ्याकडे फिरले, बाकी काही हललं नाही. गोकुळने आणलेल्या जीपमध्ये ठेवताना त्यांचे गुडघे वाकेनात. चौफुल्याच्या सिग्नलला मला वाटलं, संपलं. मी तेव्हा देवाला काहीही कबूल करायला तयार होते.

डॉक्टर ओरडले नाहीत. तुला दिसलं ना? मी तिन्ही कागद पुढे ठेवले, बियांचा, भुकटीचा, दुधाचा. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, हा दुधाचा कागद महिन्याभरापूर्वी हवा होता. मग म्हणाले, मीही विचारायला हवं होतं, घरात आणखी काय देता म्हणून. लगेच नळीतून गोळी सुरू केली.

काल गोकुळ सांगत होता, मामांनी चमचाभर पेज गिळली. खरं का? मला कुणाच्या तोंडचं नको, तुझ्या हातचं हवं. राग असेल तर रागाने लिही, पण लिही.

तुझीच,
सुवर्णा

राहू
२१ डिसेंबर २०२५

चि. सुवर्णा हिस,

तुझा मामा हौशीराम, आडनावासकट जिवंत असून तुला आशीर्वाद देतो. अक्षर बारीक येतं, डॉक्टर म्हणतात रोगात तसंच होतं. भिंग घे. तुमच्याकडे असेलच.

मी घरी येऊन सात दिवस झाले. पेज गिळली ते खरं. आता भाकरी कुस्करून खातो. मान सरळ आहे. उसातला गृहस्थ गेला. माणूस चांगला होता, कधी उलटून बोलला नाही. तो नाही हे मला तेव्हाही कळत होतं, पण दिसायचा म्हणून बोलायचो.

तुझी मामी रोज स्वतःला कोसते. तू तिकडे स्वतःला कोसत असशील. म्हणून हे लिहायला बसलो. तुम्ही दोघींनी सगळं मोजलं, एक राहिलं. चहा कडू आहे हे मला पहिल्या दिवशी कळलं होतं. साखरेने कडूपणा जातो असं मालनला वाटतं. तीस वर्षं नर्सरीत काढली मी, फवारणीचं पाणी वासाने ओळखायचो. चहात काहीतरी आहे, हे मी धरूनच चाललो होतो.

आणि तो चहा घेतला की अर्ध्या तासाने हात माझा व्हायचा. तासभर, कधी जरा जास्त. थरथर नाही, काही नाही. मान ओढायची, पाय नाचायचे, पण बोटं माझी. म्हणून तिसरा कप मागितला. मग चौथा. तिने दिला म्हणून नाही, मी मागितला म्हणून. तुझ्या कागदावर हे येणार नाही, तर ते लिहून ठेव.

त्या तासात मी परसात गुलाबाला डोळे भरत होतो. कलमाला लागणारे गावठी गुलाबाचे खुंट होतेच कुंड्यांत. साल उचलायची, डोळा आत सरकवायचा, पट्टी बांधायची. दोन वर्षांत एक जमला नव्हता. त्या महिन्यात चाळीस भरले. मालनला वाटायचं, बसलाय सावलीला. परवा मोजले, एकतीस धरलेत. मानेचा आणि हाताचा सौदा होता, मी तो केला. चारीत पडलो आणि मालन अंधारात मला काढायला आली तेव्हा कळलं, सौद्यात तीही गेली असती. ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं, त्याची मला लाज वाटते.

डॉक्टरांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, मोजून देऊ, तासभर नाही तर अर्धा तास तरी हात मिळेल, आणि मान शाबूत राहील. हे पत्र त्या अर्ध्या तासातलंच आहे. आता संपत आलाय. तुला एवढंच सांगायचं होतं की

सुवर्णा, इथून पुढं मी लिहितेय. त्यांच्या ह्या पुढच्या दोन ओळी मुंगीएवढ्या आहेत, मला वाचता येईनात. त्यांना विचारलं तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तिला म्हाईत हाय."

हे सगळं मला आज, हे पत्र वाचताना कळलं. पत्र मीच घडी करणार हे त्यांना ठाऊक होतं, तरी तोंडाने सांगितलं नाही. मी परसात जाऊन कुंड्या बघितल्या. एकतीस. मग चुलीपाशी बसून रडले, ते तुला सांगायला हरकत नाही. तू ओरडलीस त्याचा राग तेव्हा आला होता, आता नाही. तूही माझ्यावर ठेवू नकोस.

खाजकुइलीचा वेल गोकुळने मुळासकट काढला. थोड्या बिया मी ठेवल्यात, तुझ्या सरांना लागतील तर सांग, घरात ठेवायच्या नाहीत मला. गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांनी कागदावर लिहून दिल्यात, तो मी देवळीपाशी चिकटवलाय आणि एकही ओळ न गाळता वाचते.

गोकुळच्या हाती एक कुंडी पाठवतेय. लाल आहे. डोळा फुटलाय, पण पट्टी अजून पंधरा दिवस सोडायची नाही, असं ह्यांनी दोनदा बजावलंय.

म्हैस अजून आटलेलीच आहे. चहा कोरा करते, दोघांनाही. काल कप हातात दिला तर हे बराच वेळ कपात बघत बसले. मग म्हणाले, "मालन, आज चहात काय हाय?"

मी म्हटलं, "चहाच हाय."

मग दोन्ही हातांनी कप धरून प्याले. थोडा सांडला.

तुझी,
मामी